तीन नंबरच्या मशीनची वाट

प्रिय घुबडा,

हॉस्टेलच्या लाँड्रीत कुठलं मशीन रिकामं आहे ते सांगणारी, तू बनवलेली स्क्रीन परवापासून पुन्हा नीट चालते आहे. खात्री खुद्द लाँड्रीच्या मावशींनी करून घेतली. त्यांनी एकेक मशीन रिकामं फिरवून पाहिलं, दर वेळी मान वर करून स्क्रीन वाचली आणि शेवटी जाहीर केलं, आली बाई ताळ्यावर! मग मला विचारलं, आणि ती दुसरी कधी येणार? मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारते आहे.

तुझा दादा खाली टेम्पोवाल्याला तुझं सामान कसं रचायचं ते शिकवतो आहे, आणि टेम्पोवाला त्याला. तेवढ्या वेळात हे लिहून त्याच्या हातात द्यायचंय. पुस्तकं, बादली, टेबलफॅन, सगळं बांधून झालं. उशी मात्र मी दिली नाही. ती माझी आहे, म्हटलं. त्याने अभ्र्यावरचा तुझा शाईचा डाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गुपचूप खोका उचलून निघाला. तुमच्या घरात तोच एक शहाणा. फोन बंद करून तू कपाटात ठेवला आहेस, हेही त्यानेच सांगितलं. म्हणून पत्र. कागद काही बंद करता येत नाही.

तू गेल्यापासून मी लाँड्रीत एकटीच बसते. मुलाखतीच्या सरावाचा आपला नियम पाळायचा प्रयत्न केला. जिचे कपडे मशीनमध्ये, तिने उत्तरं द्यायची, दुसरीने प्रश्न विचारायचे, आणि मशीन थांबेपर्यंत कुणी उठायचं नाही. पण स्वतःच विचारून स्वतःच उत्तर दिलं की मी दर वेळी पास होते. त्याचा काय उपयोग? मावशींना परीक्षक केलं, तर त्या जिचा आवाज मोठा तिला नोकरी देतात, हे तुला ठाऊकच आहे. मागे तू हळू बोललीस म्हणून त्यांनी तुला नापास केलं होतं आणि नंतर वाईट वाटून तुझ्या चादरींच्या घड्या घालून दिल्या होत्या.

त्या दिवसांत तू किती खुशीत होतीस. त्या मोठ्या कंपनीच्या मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या झाल्या होत्या आणि ते म्हणाले होते, कळवतो. मी दुसरीकडचे अर्ज दाखवले की तू म्हणायचीस, थांब गं, तिकडचं येईलच, उगाच दोन्हीकडे कशाला. त्यांचं काही आलंच नाही. आधी मेल उघडून बघायचीस, मग बघेनाशी झालीस, मग अनोळखी नंबर उचलायचं सोडलंस. वर्ग संपलेच आहेत, प्रोजेक्ट घरून पुरा करीन, परीक्षेपुरती येईन, असं म्हणून बॅग भरलीस. मी अडवलं नाही. मलाही तेव्हा दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि खरं सांगायचं तर आधी कोण निघतं एवढाच प्रश्न होता.

आता स्क्रीनची गोष्ट. तू गेल्यावर काही दिवसांनी तीन नंबरचं मशीन कायमचं बंद पडलं आणि भंगारात गेलं. त्या दिवसापासून स्क्रीनवर एकच ओळ, ‘तीन नंबर रुसलंय, जरा थांबा.’ बाकीची मशिनं रिकामी, आणि मुली कपड्यांचे ढीग घेऊन रांगेत! पहिल्या वर्षाची एक तर तिथेच बसून अभ्यास करायला लागली. तुझा कोड उघडला तेव्हा कळलं. तीन नंबर अधूनमधून अडकायचं आणि आपलं आपण सुरू व्हायचं, म्हणून तू लिहून ठेवलं होतंस, की त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं आणि तोवर पुढच्या मशीनला काही विचारायचंच नाही. किती वेळ थांबायचं, ते कुठेच नव्हतं. त्याच्या लाडापायी बाकीच्यांना कुणी हालहवाल विचारेना.

मी हसले. घुबडा, मी काही टोमणा मारत नाही. घडलं ते सांगते आहे. दुरुस्ती छोटी होती. थोडी वाट बघायची, उत्तर नाही आलं तर तशी नोंद करायची आणि पुढच्याला विचारायचं. तुझ्या ओळी तशाच ठेवल्यात. ‘मोजा आत राहिलाय, दुसरा एकटा काय करेल’ ही तर मावशी येईल त्याला वाचून दाखवतात.

आता जे सांगायला बसले, ते. काल माझी मुलाखत होती. छोटी कंपनी, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. दुसऱ्याच्या कोडमधली चूक कधी शोधलीस का, असं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं. मी तीन नंबरची गोष्ट सांगितली. त्यांनी स्क्रीनवरच्या ओळी वाचायला मागितल्या, हसल्या आणि म्हणाल्या, हे तू लिहिलंस? क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, ती सध्या कुठे असते? मी तुझा नंबर दिला. जागा एकच आहे आणि मी अजून तिच्यासाठी उभीच आहे, तेव्हा मला फुकटचं मोठेपण देऊ नकोस. पण माझी दुसरी फेरी सोमवारी आहे, कदाचित तुझी पहिलीही तेव्हाच असेल, आणि एकटीने तयारी करून माझं काही होत नाही, हे तुला सांगितलंच. जागा तुला मिळाली तर मी दोन दिवस बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी पुढचा अर्ज भरेन, आणि प्रश्न विचारायला तूच बसशील.

फोन कपाटातून काढून चार्जिंगला लावायचं दादाने कबूल केलंय. उद्या दुपारी जेवणं आटोपली की अनोळखी नंबरावरून त्या बाईंचा फोन येईल. उचल. मोठ्याने बोल. आणि येताना मळके कपडे घेऊन ये.

तुझीच,
पलीकडच्या कॉटवरची