दगडावर कोरायची ओळ

कोल्हापूर,
८ फेब्रुवारी २०२६

ती. शमूदादास,
सप्रेम सलाम वि. वि.

इतके दिवस पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी क्षमा. तुझी तीन पत्रं टेबलावर उत्तराविना पडून आहेत. दर रविवारी फोनवर बोलतो आपण, पण आईनेच लावलेली सवय ना, निरोप फोनवर आणि मनातलं कागदावर. गेलं वर्षभर मी तुला नुसते निरोपच देत आले.

इथे बरं आहे. दहावीचा भूगोल संपवला. पोरांना अजूनही कोयना कुठल्या दिशेला वाहते ते सांगता येत नाही, पण आत्मविश्वास दांडगा. आईचं सगळं करणाऱ्या आपल्या बावड्याच्या झुंबरबाई अजूनही दर गुरुवारी येतात. नको म्हटलं तरी चार भांडी घासतात, चहा पितात आणि जाताना आईच्या रिकाम्या कॉटवरून हात फिरवतात. परवा म्हणाल्या, की पार खारीक झालीस बाय वाळून. मी म्हटलं, ईस्टरआधीचा लेंट जवळ आलाय, उपास धरायचेत. त्यावर सुनावलं, की तुझा उपास वरीसभर चाललाय, देव बी कटाळला असंल की बघून.

चर्चचं महिला मंडळ पुन्हा साक्ष द्यायला बोलावतंय. आईच्या शेवटच्या तासाची, स्मरणदिनाच्या निमित्ताने. घसा बसलाय म्हणून कळवलं. घसा अगदी ठणठणीत आहे. हे तुला का लिहिते आहे ते मलाही नीट सांगता येत नाही.

मोनावहिनींना सलाम. त्या म्हणत होत्या, तुझी साखर पुन्हा वाढली आहे आणि तू जिलबीवाल्याच्या गल्लीतूनच दवाखान्यात जातोस. दुसरा रस्ता शोध.

आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी,
दर्शू

*

जालना,
१७ फेब्रुवारी २०२६

चि. दर्शूस,
अनेक आशीर्वाद आणि सलाम.

तुझं पत्र म्हणजे भूगोलाच्या बाईंनी काढलेला नकाशा. नद्या, डोंगर, झुंबरबाई, सगळं जागच्या जागी, फक्त आपलं घर कुठे ते सापडत नाही. घसा ठणठणीत असताना बसलाय का सांगितलंस? लाजतेस का आता? इतकी सुंदर साक्ष दिलीस तेव्हा लाजली नव्हतीस.

मोना माझ्या जिलबीबद्दल बोलते, स्वतःच्या बाकरवडीबद्दल बोलत नाही. असो.

एक काम आहे. ईस्टरच्या पहाटे आपली मंडळी कबरींवर मेणबत्त्या लावायला जाते, तोवर आईचा दगड बसलेला असावा अशी माझी फार इच्छा आहे. तिथले दगड घडवणारे आण्णा माझ्या ओळखीचे, त्यांच्याशी फोनवर बोललो. नाव, दोन तारखा आणि खाली तिचे शेवटचे शब्द, असं ठरवलंय. तू नेमके शब्द लिहून पाठव. "पुरे, आता मी निघते" की "पुरे, मी निघते आता"? दगडावर खाडाखोड चालत नाही.

दर्शू, मी तेव्हा नव्हतो. दुसऱ्या दिवशी पोचलो ते थेट पुरायलाच. तू तिला मेंढपाळाचं स्तोत्र वाचून दाखवत होतीस, तुझा हात तिच्या हातात होता आणि ती एवढं बोलून गेली, या एका गोष्टीवर मी वर्ष काढलं. आपल्या मंडळीच्या पत्रिकेत छापून आलेली तुझी साक्ष मी इथल्या उपासनेत उभा राहून वाचली आहे. दवाखान्यात माझ्याकडे एक्स-रे काढायला घाबरलेले म्हातारे येतात, त्यांनाही सांगतो, की माझी आई अशी गेली.

लवकर कळव. आण्णांचा स्वभाव तुला माहीत नाही, उशीर झाला तर स्वतःच्या मनाची एखादी ओळ कोरून मोकळे होतील.

तुझा,
दादा

*

कोल्हापूर,
२२ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
सलाम.

आण्णांना थांबव. ती ओळ आईची नाही. ती मी रचली.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं, कारण दोन्ही वेळा मला वाचून स्वतःची कीव आली. आता जे झालं तेवढंच लिहिते.

गेल्या वर्षी २७ मार्चला, गुरुवारी दुपारी साडेतीनला महिला मंडळाची लेंटची प्रार्थना होती. मी साडी नेसून, बायबल पिशवीत घालून दारात पोचले आणि आईने अंथरूण खराब केलं. सकाळपासून तिसऱ्यांदा. मी तिला म्हणाले, की मी प्रार्थनेला निघाले की तू हे मुद्दाम करतेस. एवढ्यावर थांबले नाही. तुझ्यामुळे माझं आयुष्य या खोलीत नासलं, असंही म्हणाले. अर्धांगानंतर तिला बोलणं जड जायचं, पण ऐकू सगळं येत होतं. मी झुंबरबाईंना चादर बदलायला सांगितलं आणि निघून गेले.

प्रार्थनेत फोन बंद ठेवायचा आमचा नियम. माझी पाळी आली तेव्हा मी अंथरुणाला खिळलेल्या आईबापांसाठी प्रार्थना केली, आणि धीराने त्यांची सेवा करणाऱ्या लेकींसाठी बळ मागितलं. बायका रडल्या. मलाही रडू आलं, दादा, आणि ते रडू मला त्या वेळी खरं वाटलं. हेच मला सगळ्यात जास्त छळतं. चहाच्या वेळी फोन सुरू केला तर झुंबरबाईंनी सात वेळा लावलेला. घरी पोचले तेव्हा आईला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

झुंबरबाईंनी नंतर सांगितलं ते असं. आईने विचारलं, की दर्शू आली का. त्या म्हणाल्या, की आली की, भाईर चपला काढतीया. त्यावर आई म्हणाली, की चपला आत घ्यायला सांग तिला, कुत्रं नेईल. त्यानंतर ती बोलली नाही.

खोटं मी एका दमात बोलले नाही. त्या संध्याकाळी पाळकसाहेबांच्या पत्नीने विचारलं, की तू जवळ होतीस ना. मी हो म्हटलं. कुणी विचारलं, काही वाचून दाखवलंस का. मी मेंढपाळाचं स्तोत्र म्हटलं. मग हातात हात आला. आठवड्याने स्मरणसभेत उभी राहिले तोवर आईच्या तोंडी एक वाक्यही आलं होतं. झुंबरबाई शेवटच्या बाकावर बसून ऐकत होत्या.

वर्षभर मी प्रभुभोजनाला पुढे जाते, भाकर घेते. पापकबुलीची प्रार्थना सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणते. सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज सहज लपतो.

तू ज्या गोष्टीवर वर्ष काढलंस ती मी अशी काढून घेते आहे. तुझ्या मागच्या पत्रानंतर ती दगडावर जाऊ देणं मला जमलं नाही, एवढंच.

माया मागायला आज तोंड नाही.

दर्शू

*

जालना,
१३ मार्च २०२६

दर्शूस,
सलाम.

आशीर्वाद लिहायला हात थांबला, म्हणून नुसता सलाम.

दोन रविवार मी फोन उचलला नाही. मी ड्यूटीवर आहे असं मोनाने तुला सांगितलं. मी तिथेच सोफ्यावर बसलो होतो.

तू तिथे नव्हतीस याचा राग नाही, मीही नव्हतो. तू तिला बोललीस त्याचा तर मला रागवायचा हक्कच नाही, सात महिने तू एकटीने तिचं सगळं काढलंस. राग याचा आहे, की मी तुझ्या त्या वाक्याला धरून फोनवर रडायचो आणि तू पलीकडे गप्प ऐकत राहायचीस. एकदाही तुला सांगावंसं वाटलं नाही?

आता माझंही ऐक. त्याआधीच्या नाताळात मला रजा मिळाली नाही असं मी तुम्हा दोघींना सांगितलं होतं. रजा मंजूर होती. मला ती खोली आणि तो वास सोसवत नव्हता. रोज दवाखान्यात काम करणारा माणूस मी. मोनाला माहीत होतं, आईला नव्हतं. की होतं, कोण जाणे.

चपलांचं वाक्य मी मोनाला वाचून दाखवलं. ती आधी फिसकन हसली, मग दोघंही रडलो. ते आईचंच बोलणं आहे, त्यात शंका नाही. तू रचलेलं वाक्य फार शहाणं होतं, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आण्णांना सांग, की नाव आणि तारखा कोरा, बाकी काही नको.

आणि एक, मंडळीत मात्र बोलू नकोस. आपलं गाव तुला माहीत आहे. सकाळी चर्चच्या पायरीवर निघालेली गोष्ट संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खात फिरते. लोकांना आई चघळायला देऊ नकोस. देवाला ठाऊक होतंच, आता मला कळलं. एवढ्यावर मिटव.

पुढच्या रविवारी फोन उचलीन.

दादा

*

कोल्हापूर,
२० मार्च २०२६

ती. दादास,
सप्रेम सलाम.

तुझा नुसता सलामही माझ्यापर्यंत नीट पोचला. नाताळाचं तू लिहिलंस ते वाचून तुझ्याबद्दल कमी वाटलं नाही, हे आधी सांगते.

आण्णांकडे जाऊन आले. नाव आणि दोन तारखा कागदावर लिहून दिल्या. ते म्हणाले, की एवढा देखणा दगड घेतलाय आन् एवढंच व्हय? वाचणाऱ्याला गोड वाटंल असं कायतरी टाका की ताई. मी म्हटलं, गोड नको. मी कंजूष गिऱ्हाईक असल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

मंडळीत बोलू नकोस हे वाचून मला इतकं हायसं वाटलं, की त्या हायसं वाटण्याचाच संशय आला. पण दुसरीकडे माझा कबुली द्यायच्या इच्छेवरही विश्वास नव्हता. मनात मी आधीच उभी राहिले होते. कुठली साडी नेसायची, कुठे आवाज दाटेल, नंतर बायका कशा मिठी मारतील आणि केवढं धैर्य म्हणतील, सगळं बघून झालं होतं. म्हणजे आणखी एक साक्ष, आधीपेक्षाही चांगली. म्हणून गप्प बसायचं ठरवलं आणि दोन दिवस त्याला नम्रपणा म्हणत राहिले.

काल गुरुवार. झुंबरबाई आल्या. त्या पातेलं घासत होत्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, की मी तुमच्यासमोर चर्चमध्ये खोटं बोलले. हात न थांबवता म्हणाल्या, की म्हाईत हाय की, म्या मागं बसून ऐकलंतं. मी विचारलं, मग अडवलं का नाही. तर म्हणाल्या, तुमच्या देवळात उठून बोलाय मी कोण? आन् मेल्या माणसाचं समदी गोडच सांगत्यात. मला हलकं वाटलं. आता त्या चहा मागतील असं वाटलं.

त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, की पर एक हाय. तिच्या हातात हात माझा हुता. तेवढा तू तुझा केलास.

पत्रिकेवर आईचा फोटो होता म्हणून त्यांनी ती घरी नेली होती. सुनेने ती वाचून दाखवली. त्याआधी त्यांनी घरात सगळ्यांना सांगितलं होतं, की म्हातारीनं माझा हात शेवटपत्तूर सोडला न्हाय. सून म्हणाली, की आत्याबाई, उगं बढाया मारू नका, हितं तर लेकीचा हात छापलाय. त्या दिवसापासून घरात त्यांनी तो विषय काढला नाही. वर्ष होत आलं. दर गुरुवारी माझ्याकडे येऊन भांडी घासत राहिल्या.

दादा, तुझं ऐकणार नाही. ही गोष्ट फक्त तुझ्यामाझ्यात आणि देवात असती तर ऐकलं असतं. पण जी गोष्ट छापून मी त्यांच्याकडून घेतली, ती कुजबुजत परत देता येत नाही. रविवारी उपासनेत म्हणायला कागदावर तीन वाक्यं लिहिली आहेत. आई गेली तेव्हा मी घरी नव्हते. तिला टाकून बोलून मी प्रार्थनेला आले होते. तिचा हात झुंबरबाईंच्या हातात होता. चौथं वाक्य मी बोलणार नाही, कारण चौथ्या वाक्यापासून मी सजवायला लागते. पत्रिकेत हीच तीन छापा म्हणून सांगणार आहे. आईला लोक चघळतील ही तुझी भीती खरी आहे. पण बहुधा मलाच चघळतील.

झुंबरबाईंना रविवारी चर्चमध्ये या म्हटलं. त्या म्हणाल्या, की सून येत असंल तर येते, न्हायतर माझं काय काम. सुनेला मी स्वतः फोन केला. ती म्हणाली, बघते.

मला भीती वाटते आहे. पाळकसाहेब काही दिवस प्रभुभोजनापासून लांब राहा म्हणतील कदाचित. म्हणाले तर ऐकेन.

रविवारी फोन उचल, पण दुपारनंतर. वहिनींना सलाम. राग आहे तोवर रागासकट माया ठेव.

तुझी,
दर्शू

ता. क. उद्या शाळेत जाण्याआधी पाळकसाहेबांना भेटून रविवारच्या उपासनेत तीन वाक्यांपुरता वेळ मागणार आहे.