फवारणीच्या डब्याला भोक

देऊळघाट, मंगळवार संध्याकाळ

विषारी शस्त्रं कशी बनवायची हे एआयनं कोणालाच सांगू नये, असा नियम आमच्या एआय कंपनीत आम्ही लिहितोय. दुपारी ऑनलाइन मीटिंगमध्ये एकानं विचारलं, "विचारणारा भला माणूस असला तर?" मी "नंतर बघू" म्हणून पुढचा मुद्दा घेतला. अजून डाचतंय.

घरी बाबांनी कपाशीवर फवारायच्या विषारी औषधाचा रिकामा डबा धुऊन उन्हात ठेवला होता. मी खिळा ठोकून त्याला भोकच पाडलं.

"काऊन वं माय? चांगला डबा होता न!"

"कोनी प्यायचं पानी भरीन त्याच्यात, बाबा."

"कोन भरीन?"

"मले काय माहीत? म्हनून त पाडलं भोक."

विचारणारा कोण, हे एआयला तरी कुठं माहीत असतं? हेच दुपारी का नाही सुचलं मला?

बाबा उठून आत गेले. औषधाचाच दुसरा रिकामा डबा आणून माझ्यापुढे दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हान खिळा. मी धरतो."