सानिराजाकला, विमानाआधी

९ एप्रिल
सगळ्यांची खुशाली. डावा गुडघा ठीक, उजवा रुसलेला. कंबर उत्तम, वाकलो नाही तर. दात आहेत तेवढे मजेत. स्नोमोबाईल खोकते, तिच्या वयात कोण खोकत नाही? मेव्हणी मियाली ठणठणीत, काय करणार.

मुख्य बातमी: इकालुइतच्या हॉस्पिटलात माझ्या लेकीला, ऊलायूला मुलगी झाली. नाव ठेवलं आगियाक. म्हणजे माझी गेलेली बायको परत आली! आमच्यात नावासोबत नातंही येतं. ती पोर आता माझी बायको. शुक्रवारी विमानाने सानिराजाकला, ऊलायूच्या घरी यायची. नव्या बाळाशी आमच्यात अख्खं गाव हात मिळवतं; तिच्याशी पहिला हात मी मिळवणार. ठरलं.

१० एप्रिल
मियाली म्हणते, दाजी, इथून, इग्लूलिकहून विमानाने जा, वीस मिनिटांत सानिराजाक. वीस मिनिटं! हवेतली. वारा पडेपर्यंत थांबायचं, धुकं उठेपर्यंत थांबायचं, ते कोण धरणार? बर्फावरून मी सकाळचा चहा पिऊन निघालो की दुपारच्या चहाला तिथे.

मग म्हणते, हवा बिघडली तर विमान तिथे न उतरता पुढे इकडेच येतं. घरीच बसा, बायको दारात येईल. आणि जायचंच असेल तर दाढी करा, एवढ्याशा बायकोला टोचेल.

दाढी केली. बाकी काही ऐकलं नाही.

११ एप्रिल
अर्ध्या वाटेत स्नोमोबाईलचा पट्टा तुटला. जादाचा पट्टा घरी. ओझं नको म्हणून मीच काढून ठेवला होता. विचार योग्यच होता.

जावई तुलुगाक सीलच्या शिकारीहून परतत होता. म्हणाला, मामा, बसा, दोरीने ओढतो. सबंध वाट हसत होता. पुढे कोण, मागे कोण, याला अर्थ नाही. विमानाआधी पोचलो!

१२ एप्रिल
सकाळीच विमानतळावर. तुलुगाक म्हणाला, विमान दुपारी आहे. म्हटलं, बायकोला आणायला उशिरा जातात का?

दुपारी वारा सुटला. स्वतःचा हात दिसेना. हातमोजा काढून उजवा हात खिशात उबेत ठेवला होता, तिला गार लागू नये म्हणून. डोक्यावर आवाज आला, एक घिरटी झाली, आणि आवाज इग्लूलिककडे गेला.

थोड्या वेळाने मियालीचा फोन. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत, बाळ मांडीवर घेऊन. दाजी, सांगितलं होतं ना?

पायलट भित्रा.

१३ एप्रिल
वादळ. माझ्या गाडीला बसेल असा पट्टा गावात नाही. तुलुगाक म्हणतो, वारा थांबला की पुन्हा ओढत नेतो. त्या हसण्यापेक्षा चालत जाईन. ऊलायूने तिकडूनच परस्पर माझं विमानाचं तिकीट काढलं. लेकीचं मन मोडवत नाही, म्हणून घेतलं.

१५ एप्रिल, विमानतळ
आजही विमान रद्द. म्हणजे वीस मिनिटं खोटी, माझंच खरं. पण इथे सांगणार कोणाला? खिडकीवरचा माणूस म्हणतो, आजोबा, उद्या या.

मियालीला फोनवरून लिहिलं: तिचा उजवा हात आतापर्यंत अख्ख्या गावाने मिळवला असेल. असो. डाव्याला कोणी हात लावायचा नाही, तो माझा. अजून शिल्लक आहे ना? लवकर कळव.