वेल्डिंगचा धूर आणि पेलाभर दूध

प्रिय काकू,

तुम्ही घरून वर्कशॉपमध्ये उस्तादांबरोबर माझ्यासाठीही दूध पाठवायचात. "दूध प्यायलं की धूर अंगाला लागत नाही," असं ते ठासून सांगायचे. मग आम्ही दोघं मास्क खुंटीला टांगून, मिशीवर साय मिरवत दिवसभर वेल्डिंग करायचो. दूधखुळेच होतो!

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण घरात पाळणा हलला नाही. शेवटी आम्ही दोघांनी तपासून घेतलं. दोष माझ्या बाजूला निघाला. डॉक्टर म्हणाले, "धातूच्या धुराने, उष्णतेने असं होऊ शकतं. दूध कसलं पिता, मास्क लावा! जपलंत तर सुधारेलही."

घरी आईने विषय काढला. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "आई, खोट माझ्यातच आहे."

काकू, हेच शब्द मी तुमच्या दारात ऐकले होते. मूल नाही म्हणून शेजारणी टोमणे मारायच्या आणि तुम्ही हसून म्हणायचात, "खोट माझ्यातच आहे गं." उस्ताद तेव्हा खाली मान घालून, धुतलेला पेला पुन्हा विसळत बसायचे.

तेव्हा खरं काय होतं, हे विचारलं तर त्यांची मान आणखी खाली जाईल. म्हणून हे पत्र माझ्या हत्यारांच्या पेटीतच राहू दे.

आईला मात्र मी सांगून टाकलं, "ती खोटं बोलतेय. खोट माझ्यात आहे." बायको आधी चिडली, मग रडली. आज सकाळी डब्यावर धुतलेला मास्क होता.

तुमच्या दुधावर वाढलेला,
तुमचाच पोरगा