लांब नाकाचा देव

सगुणदादा,

तुरुंगातल्या भेटीत तू म्हणालास, "ज्यूंच्या ग्रंथातला देवसुद्धा रागाने शहरं जाळतो गो. मी एकच माणूस मारला."

माझा सुजलेला चेहरा बघून तू माझ्या नवऱ्यावर कोयता चालवलास. त्याने पडल्या पडल्या हात जोडले, तरी तू घाव घालतच राहिलास. त्याचं रक्त माझ्या तोंडावर उडालं.

तुरुंगात तुम्हा कैद्यांना तो ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या पाद्रीबाबांना मी विचारलं. ते म्हणाले, "हिब्रूत राग आणि नाक यांना एकच शब्द आहे. देवाला लांब नाकाचा म्हणतात, म्हणजे त्याचा राग सावकाश तापतो."

माझाही तसाच तापला होता. तू कोयता घेऊन आलास त्या सकाळी बॅग भरून मी केरी गाव कायमचं सोडत होते.

मला त्याला सोडायचं होतं, दादा. तू मला त्याची विधवा केलीस.

हे पाठवायचा धीर नसलेली,
कमलाक्षी