केबिनच्या खिडकीबाहेर आलेल्या सव्वा फुटाबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी साहेब,
वाहन तपासणी कक्ष, नगर–मनमाड रस्ता,
जि. अहिल्यानगर.

अर्जदार : ज्ञानेश्वर कानिफनाथ निबे, वय ४७, धंदा ट्रकचालक (लांब पल्ला), मु. पो. कोल्हार, ता. राहाता.

विषय : वाहनाबाहेर आढळलेला सव्वा फूट हा माल नसून अर्जदाराचे पाय असल्याबाबत खुलासा.

संदर्भ : आपली दि. ६ फेब्रुवारी २०२६ ची नोटीस.

महोदय,

या देशाचा सगळा संसार ट्रकचालकाच्या खांद्यावर उभा आहे. काश्मीरचे सफरचंद कन्याकुमारीला आणि आमचा कांदा गुवाहाटीला पोहोचतो, तो याच खांद्यांवरून. त्यांपैकी एक डावा खांदा माझा असून तो दिवाळीपासून वर होत नाही. त्याची हकीकत खालीलप्रमाणे.

१. नोटिशीत नमूद आहे की, दि. ४ फेब्रुवारी रोजी दुपारी अडीच वाजता राहुरीच्या पुढे एका ढाब्यासमोर माझा ट्रक उभा असता, केबिनच्या डाव्या मागच्या खिडकीतून "अंदाजे सव्वा फूट माल" बाहेर आलेला होता व त्यास लाल फडके बांधलेले नव्हते. सबब माझा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित का करू नये, याचा खुलासा मी समक्ष हजर राहून करायचा आहे. सव्वा फूट बरोबर आहे. टेप न लावता एवढे अचूक सांगणाऱ्या साहेबांच्या नजरेबद्दल मला आदरच आहे. फक्त तो माल नव्हता. माल म्हणजे कांदा, तो मागे होता आणि ताडपत्रीखाली होता. खिडकीत मी होतो. साहेबांनी पेनाने माझ्या तळव्यावर टकटक केली, तेव्हा मी जागा झालो आणि संकोचाने पाय आत ओढून घेतले. यावरून "चालकाने माल तातडीने हलविला" असा दुसरा मुद्दा माझ्यावर आलेला आहे.

२. माझी उंची सहा फूट एक इंच आहे. केबिनमधली झोपायची फळी चार फूट दहा इंच आहे. वजाबाकी आपल्या नोटिशीशी जुळते, हे मी मान्य करतो.

३. आता फळी आखूड का, हे सांगणे भाग आहे. कारखान्यातून ही गाडी नुसता सांगाडा म्हणून आली. केबिन आमच्या मालकांनी, म्हणजे राधाकृष्ण शेठ यांनी, केडगावच्या भीमा मिस्त्रींकडे बांधायला टाकली. मिस्त्रींची रीत चांगली आहे. ज्याला गाडी चालवायची, त्याला ते शेडमध्ये जमिनीवर आडवे व्हायला लावतात, डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरतात आणि गाठ मारतात. ती सुतळी म्हणजे फळीचे माप. त्यात कोणाला बोलायला जागा राहत नाही. परंतु माझ्या वेळी मी आसामात गाडी खाली होण्याची वाट पाहत होतो. म्हणून मिस्त्रींनी माझ्या घरी फोन केला, की ड्रायव्हरच्या झोपेचे माप पाठवून द्या.

४. फोन माझी पत्नी कडूबाई हिने घेतला. तिने अंदाजपंचे काहीही केलेले नाही. मी चोवीस वर्षे या धंद्यात आहे. आजवर जेवढ्या गाड्या चालवल्या, त्यांच्या फळ्या अशाच होत्या, त्यामुळे घरी आलो तरी मी गुडघे पोटाशी घेऊनच झोपतो आणि माझ्या गादीला तेवढाच खड्डा पडलेला आहे. तिने त्या खड्ड्यावर सुतळी धरली. माणसाला जरा मोकळे वाटावे म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार बोटे जास्त सोडली, गाठ मारली आणि सुतळी एसटीने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर केडगावला पाठवली. मिस्त्री सावध माणूस. त्यांनी उलट फोन करून विचारले, की ड्रायव्हर एवढाच आहे का? त्यावर ती म्हणाली, "उभा ऱ्हायला की सहा फुटी हाय. पर निजला की येवढाच असतो. बावीस वर्सं बघतीय मी."

५. या कामी पत्नीचा काही दोष आहे असे माझे म्हणणे नाही. मी तिच्यावर रागावलोही नाही. इतक्या वर्षांत माझे नेमके किती उरले, हे सुतळी लावून पाहणारी ती पहिलीच.

६. मी परत आलो तोवर केबिन तयार होती. फळीला जागा कमी लागली, म्हणून उरलेल्या जागेत मिस्त्रींनी हौसेने देवघर केले होते. सागवानी, वर कळस, आत खंडोबा, बाहेर घंटा. गुरुजींना बोलावून पूजाही उरकली होती. देवघर थोडे आवरते घेता येईल का, असे मी विचारले. शेठ शांतपणे म्हणाले, "ज्ञानेश्वर, देव आधी बसलाय. तू नंतर आलास." देवाकडे पाय करता येत नाहीत. त्यामुळे डोके देवाकडे आणि पाय खिडकीकडे, एवढीच सोय राहते. मग मी केडगावला मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "माप तुमच्या घरून आलंय. घरी मुटकुळं करून निजायचं आन् गाडीत पाय पसरायचे, ह्याला मी काय करू?"

७. दिवाळीपर्यंत मी त्या मापात झोपलो. नंतर खांदा धरला, गुडघेही वाजू लागले. कोल्हारच्या डॉक्टरांनी दिवसातून चार तास तरी अंग सरळ ठेवून झोपायला सांगितले. खिडकी उघडण्याचे कारण एवढेच. शेठनी केबिनला एसी बसवून दिलेला आहे, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पाय बाहेर असताना तो राहुरी तालुक्याला लागतो.

८. आपल्या पथकातील एका साहेबांनी तोंडी सल्ला दिला, की पायाच्या अंगठ्यांना लाल फडकी बांधल्यास कायद्याची अडचण राहणार नाही. दुसऱ्या खेपेला मी तसे केले. आडवा पडलेला, हालचाल नसलेला आणि अंगठ्यांना फडके बांधलेला माणूस पाहून रस्त्याने जाणारी दोन माणसे थांबली, हात जोडून गेली. एका बाईंनी ढाबेवाल्याला विचारले, की घरच्यांना कळवले का. जेवायला बसलेली गिऱ्हाइके उठू लागली, तेव्हा ढाबेवाल्याने मला उठवून गाडी पुढे लावायला सांगितली. सबब हा उपाय कायदेशीर असला तरी चालण्यासारखा नाही.

९. परवाना निलंबित झाला तर तीन महिने घरी सरळ झोपता येईल, असा विचार माझ्याही मनात आला होता. खोटे कशाला सांगू. तसा एक प्रयोग मी केला. एका दुपारी ओसरीवर सतरंजी टाकून पाठीवर सरळ पडलो. थोड्या वेळाने तोंडावर पाणी पडले. माझी आई बायडाबाई तांब्या घेऊन उभी होती. म्हणाली, "ज्ञाना, असा सरळ नको निजू. मला बघवत न्हाई." तेव्हापासून घरी मी पुन्हा खड्ड्यातच झोपतो. शिवाय परवाना गेला की शेठ गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देतील. तो पाच फुटी निघाला तर त्याला केबिन बरोबर बसेल, आणि मग ती गाडी मला पुन्हा कधीही मिळणार नाही. एवढे सगळे सोसूनही ती गाडी मला हवी आहे. का हवी आहे, याचा खुलासा नोटिशीत मागितलेला नसल्याने देत नाही.

१०. या अर्जात माझ्या सहा मागण्या होत्या. केबिनचे माप चालकास समक्ष आडवे करूनच घ्यावे. ते घरच्यांनी परस्पर दिल्यास ग्राह्य धरू नये. चालकाचे पाय हे माल नसल्याचे परिपत्रक काढावे. अशा त्या होत्या. लिहून झाल्यावर वाचून पाहिले. सर्व रास्त आहेत, पण मंजूर व्हायला वेळ लागेल आणि मला झोप आलेली आहे. म्हणून मी त्या मागे घेतो. निलंबनाबाबत आपण जो निर्णय द्याल, तो मी ऐकून घेईन.

फक्त एक विनंती आहे. नोटीस न्यायला आलो होतो, तेव्हा आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात भिंतीला लागून एक लाकडी बाकडे पाहिले. लांबी सात फूट तरी असावी आणि मध्ये हात टेकायच्या दांड्या नाहीत. माझी सुनावणी दि. २४ फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजता ठेवलेली आहे. मी नऊलाच येईन. माझे नाव त्या दिवशी सर्वांत शेवटी पुकारावे आणि तोपर्यंत मला त्या बाकड्यावर आडवे पडू द्यावे.

तारखेची वाट पाहणारा, आपला नम्र,

ज्ञानेश्वर कानिफनाथ निबे
कोल्हार, दि. १८ फेब्रुवारी २०२६