घुमटावरची तारीख

प्रिय खारूताई,

तुझ्या लग्नाला मी आलो नाही आणि त्यानंतर दहा वर्षं आपण बोललो नाही. तरी हे पत्र फाडण्याआधी वाच. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिचं डोकं खाल्लं.

तुला वाटत असेल मी घरी बसलो. पण निवृत्तीनंतरही अंतराळ संग्रहालयाने मला सोडलेलं नाही. घुमटावर आकाश दाखवणारं ते जुनं यंत्र दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही म्हणे. परवा तिसरीचा वर्ग आला होता. चंद्रावरचं वजन सांगणाऱ्या काट्यावर नुसती झुंबड. एक गुबगुबीत मुलगा आकडा बघून इतका खूश झाला की उतरायलाच तयार नाही. मग सगळी घुमटाखाली आली. दिवे मंद होत गेले, कलकल विरली, खुर्च्याच वर चालल्यात असं वाटून पुढच्या रांगेने एकमेकांचे हात धरले. अशा वेळी मलाही आपण कुठे आहोत, किती वयाचे आहोत, काही आठवत नाही.

मुलं आली की त्यांच्यातल्या एकाच्या जन्मरात्रीचं आकाश मी लावतो. पण रोज सकाळी यंत्र तपासताना तारीख घालतो ती तुझी, अगदी पहिल्यापासून. परवा ती बदलायचीच राहिली. तारे उगवले आणि खाली कोपऱ्यात तुझी जन्मतारीख, सालासकट. अंधारातून एका मुलीचा आवाज आला, "ही तर माझ्या आईची तारीख आहे."

दिवे लागल्यावर पाहिलं, तर कितीही विंचरले तरी न बसणारे तुझेच केस. आईचं आकाश तुम्हाला कसं माहीत, असं तिने विचारलं. यंत्राला सगळं माहीत असतं, अशी थाप मारली. खरं अगदी ओठांवर आलं होतं, पण तुला न विचारता तिचा आजोबा व्हायचा मला काय अधिकार? चूक माझी होती, खारूताई. माझा हट्ट होता, दुसरं काही नाही. फार उशिरा सांगतोय.

जाताना ती म्हणाली, रविवारी आईला घेऊन येते, तिला तिचं आकाश दाखवा. म्हणून हे पत्र. मी असा अचानक समोर येऊ नये, एवढंच. माझं तोंड बघायचं नसेल तर कळव, त्या दिवशी मी येणार नाही. तुम्ही दोघी निवांत बघा. रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवलाय. तो द्यायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

तुझाच, तुला चालत असेल तर,
बाबा